जुन्या नाण्याची प्रत व त्याचा पृष्ठभाग

वरणगांव (तालुका भुसावळ) येथील एका जुन्या सावकारी घराण्याकडचीं तीन नाणीं नुकतींच आमच्याकडे परीक्षणासाठीं आलीं. पहिलें बुऱ्हाणपूरच्या टांकसाळींतला औरंगजेबाचा रुपया, दुसरें तांब्याची शिवराई, आणि तिसरें १८६२ सनाचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया. नाण्यांसोबत एका व्यापाऱ्यानें केलेलें टिपणही होतें. त्यांत शिवराईस 'उत्तम', राणीच्या रुपयास 'अत्युत्तम' व बुऱ्हाणपुरी रुपयास 'डागी, कनिष्ठ' असे शेरे असून, शेवटीं 'हा रुपया सोनाराकडून उजळून घ्यावा, म्हणजे चार पैसे अधिक येतील' असा सल्लाही दिला होता. आमच्या मतें हे तीनही शेरे उलटे आहेत, आणि सल्ला तर घातक आहे. टिपण लिहिणाऱ्या गृहस्थांशीं आम्हांस कांहीं कर्तव्य नाहीं. परंतु त्यामागची दृष्टि आज संग्राहकांत झपाट्यानें पसरत आहे, व तिच्यामुळें इतिहासाचें साधन कायमचें नष्ट होतें, म्हणून तिचें परीक्षण करणें अवश्य झालें आहे.

आपल्या भाषेंत 'प्रत' शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मालाचा दर्जा, आणि दुसरा ग्रंथाची हस्तलिखित नक्कल. पोथ्या जमविणारा वाचक दुसऱ्या अर्थाशीं अधिक परिचित असतो. तो पोथी हातीं घेतो तेव्हां कागद किती पांढरा आहे हें आधीं पाहत नाहीं. लेखनकाल कोणता, लेखक कोण, पानें पुरीं आहेत कीं नाहींत, समासांतील टिपा मूळ हातच्या कीं मागाहून घातलेल्या, आणि कोठें हरताळ लावून अक्षर बदललें आहे काय, हे प्रश्न तो आधीं विचारतो. डागांनीं भरलेली परंतु अस्सल पोथी तो जपून ठेवतो, आणि नव्या शाईनें गिरवलेली स्वच्छ पोथी साशंकपणें बाजूला सारतो. हाच मनुष्य नाणें हातीं आलें कीं आधीं त्याची चकाकी पाहतो, हें नवल आहे. नाणें हीही एक प्रतच आहे. फरक इतकाच कीं येथें कागदाच्या जागीं धातु आहे व लेखणीच्या जागीं ठसा आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. नाण्याच्या पृष्ठभागावर चार हातांचीं कामें उमटलेलीं असतात. पहिला हात टांकसाळीचा, दुसरा व्यवहाराचा, तिसरा भूमीचा, आणि चौथा अलीकडच्या मालकाचा. पहिल्या तिघांनीं जें केलें तो त्या नाण्याचा इतिहास होय. चौथ्यानें जें केलें तेवढाच खरा दोष. प्रत ठरवितांना हे चार हात निरनिराळे न ओळखतां सर्वांची मिळून एकच बेरीज करणें ही प्रचलित पद्धतींतील मूळ चूक आहे.

नाणें पारखण्याची विद्या या देशांत नवी नाहीं. 'रूप्य' शब्दाची सिद्धि सांगतांना पाणिनीनें 'आहत', म्हणजे ठोकून उमटविलेलें, हा अर्थ दिला आहे. अर्थात् ठशाचा घाव हेंच नाण्याचें लक्षण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाणीं पाडविणारा लक्षणाध्यक्ष आणि चलन तपासणारा रूपदर्शक असे दोन वेगळे अधिकारी सांगितले आहेत. त्याच ग्रंथाप्रमाणें रुप्याच्या नाण्यांत चौथा हिस्सा तांबें घालावयाचें असे. तेव्हां केवळ पांढरेपणा पाहून रूपदर्शकाचें भागणें शक्य नव्हतें. विनयपिटकांत उपालीची कथा आहे. मुलाला लेखन शिकवावें, गणन शिकवावें कीं रूप शिकवावें, असा विचार त्याचे आईबाप करतात. आणि रूप शिकल्यास डोळे दुखतील म्हणून तें सोडून देतात. येथें 'रूप' म्हणजे नाण्यांची परीक्षा असें बुद्धघोषानें स्पष्ट केलें आहे. ही विद्या डोळ्यांना शिणविणारी आहे, ती एका नजरेंत उरकणारी नाहीं, हें त्या आईबापांना ठाऊक होतें.

आतां पहिलें नाणें पाहूं. बुऱ्हाणपूर हें फारुकी सुलतानांचें राजनगर. १६०१ मध्यें अशीरगड पडल्यावर सारा खानदेश अकबराच्या राज्यांत गेला, आणि पुढें बुऱ्हाणपूरची टांकसाळ मोगलांच्या दक्षिणेकडील प्रमुख टांकसाळींपैकीं एक झाली. आज तें शहर मध्य प्रदेशांत असलें तरी तापीखोऱ्यांतल्या जुन्या घरांत तेथील रुपया सांपडावा यांत आश्चर्य नाहीं. औरंगजेबानें नाण्यांवरील कलमा काढून टाकविला आणि त्या जागीं आपल्या नाण्यास पूर्णचंद्राची उपमा देणारा फारसी दोहा घातला. दुसऱ्या बाजूस राज्यारोहणाचें वर्ष व टांकसाळीचें नांव असतें. प्रस्तुत रुपयावर दोह्याची वरची ओळ अर्धी कापलेली आहे, हिजरी सनाचे दोनच अंक दिसतात, आणि पृष्ठभागावर चार ठिकाणीं बारीक ठोके आहेत. व्यापाऱ्यानें त्याला 'डागी' म्हटलें तें या कारणांसाठीं.

या आक्षेपांपैकीं पहिले दोन टांकसाळीच्या हातचे आहेत. मोगली रुपयाचा ठसा हा रुप्याच्या चकतीहून मोठा असे. चकती ठशावर ठेवून वरून हातोड्याचा घाव घालीत; चकती जेथें पडेल तेवढाच मजकूर उमटे. अशा रुपयावर मजकूर तुटलेला असणें हा नियम आहे, व सर्व मजकूर येणें हा अपवाद. म्हणून येथें 'किती झिजलें' या प्रश्नाच्या आधीं 'काय उमटलें' हा प्रश्न येतो. प्रस्तुत रुपयावर 'बुऱ्हाणपूर' हीं अक्षरें पुरीं आहेत व जुलूस सनाचा अंक स्पष्ट आहे. हिजरी सन तुटला तरी जुलूस सनावरून वर्ष ठरतें. एकाच नाण्यावर कालाच्या दोन खुणा असण्याचा उपयोग हाच. टांकसाळ व वर्ष या दोन्ही गोष्टी देणारा हा रुपया, झीज कमी असूनही नुसत्या दोह्याचे शब्द दाखविणाऱ्या दुसऱ्या रुपयापेक्षां संशोधकास अधिक मोलाचा आहे.

राहिले ते चार ठोके. हे सराफांचे टांचे होत. रुपया आंतून तांब्याचा तर नाहीं ना, हें पाहण्यासाठीं सराफ पृष्ठभागावर किंवा कडेला लहानसा ठोका मारी. मोगलाईंत चालू वर्षीं पाडलेल्या रुपयास 'सिक्का', त्याच बादशहाच्या आधींच्या वर्षांतील रुपयास 'चलनी' आणि पूर्वींच्या बादशहांच्या रुपयास 'खजाना' म्हणत, आणि त्या मानानें बट्टा कापीत. 'नांवाला बट्टा लागणें' हा आपला वाक्प्रचार याच सराफी व्यवहारांतून आला आहे. तेव्हां या रुपयावरील चार टांचे म्हणजे चार वेळां झालेली परीक्षा होय, आणि त्या चारही परीक्षांत तो उतरला आहे. दस्तऐवजावर हातोहातीं झालेल्या सह्या खोडून तो 'स्वच्छ' करावा असें कोणी म्हणत नाहीं. मग ही साक्ष डाग म्हणून कां मोजावी? त्यावरील काळसर थर हा रुप्याचा हवेंतील गंधकाशीं दीर्घ काळ झालेल्या संयोगाचा परिणाम आहे. तो सर्व भागांवर सारखा, अक्षरांच्या खाचांत किंचित् गडद आणि उंचवट्यांवर विरळ आहे. घाईनें काळें केलेल्या नाण्यावर असा क्रम येत नाहीं. सोनाराच्या ब्रशाखालीं हा थर गेला असता तर त्याबरोबर नाण्याच्या प्रामाण्याचा एक मोठा पुरावाही गेला असता.

ठोका हाच इतिहास ठरल्याचें आपल्या प्रांतांतील सर्वांत मोठें उदाहरण जोगळटेंभी येथील निधीचें आहे. १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांतील या गांवीं क्षत्रप नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा निधि सांपडला. त्यांत १३,२५० हून अधिक नाणीं होतीं, आणि त्यांपैकीं सुमारें ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. नहपानाच्या मुखवट्यावर चैत्याचें चिन्ह, आणि मागील बाजूच्या बाणावर व वज्रावर उज्जयिनीचें चिन्ह, असा हा प्रकार आहे. नुसत्या सुबकतेच्या दृष्टीनें पाहिल्यास शेंकडा ७० नाणीं या घावांनीं 'बिघडलीं' आहेत. राजाचें नाक गेलें, ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरें चेंगरलीं, ग्रीक अक्षरांचा तर बहुधा मागमूस राहिला नाहीं. परंतु नहपानामागून गौतमीपुत्र आला, आणि त्यानें शत्रूचें चलन वितळवून न टाकतां आपलें करून चालविलें, ही गोष्ट या घावांइतकी निःसंदेह दुसऱ्या कशानेंही सिद्ध झाली नसती. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखांत तिच्या पुत्रानें खखरातांचा वंश उखडल्याचें सांगितलें आहे. पण प्रशस्ति ती प्रशस्ति. तिला हस्तस्पर्शानें पडताळून पाहतां येईल असा पुरावा जोगळटेंभीच्या नाण्यांनीं पुरविला. कोणता ठसा खालीं व कोणता वर आहे, एवढ्या एका गोष्टीवर हा निर्णय उभा आहे. आणि ती गोष्ट पृष्ठभाग अबाधित असेल तरच दिसते. तीं नाणीं सांपडल्याबरोबर कोणी घासून गुळगुळीत केलीं असतीं, तर रुपें राहिलें असतें आणि इतिहास गेला असता.

दुसरें नाणें शिवराई. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' हा तिचा मजकूर सर्वांस माहीत आहे. शिवछत्रपतींनंतरही हीच अक्षरें घालून तांब्याचे पैसे दीर्घ काळ, अनेक ठिकाणीं पाडले गेले. म्हणून एखादी शिवराई कोणत्या काळची हें ठरविण्यास वजन, अक्षरांचें वळण आणि लेखनभेद यांवांचून फारसें साधन नाहीं. 'शिव', 'शीव', 'सिव', 'सीव' असे भेद त्यांवर मिळतात. ग्रंथसंपादक पाठभेदांस जेवढें महत्त्व देतो तेवढेंच येथें एकेका वेलांटीस आहे.

व्यापाऱ्यानें 'उत्तम' ठरविलेली ही शिवराई चिंचेनें घासलेली आहे. तिचा रंग नव्या घडलेल्या तांब्यासारखा गुलाबी असून भिंगाखालीं एकाच दिशेनें गेलेल्या शेंकडों बारीक रेघा दिसतात. तिरप्या उजेडांत नाणें हळूहळू फिरविलें असतां त्या रेघा एकदम चमकतात. एवढ्यानेंही भागलें नाहीं. शेवटच्या ओळींतील पहिल्या अक्षराभोवतींची जमीन टोंचणीनें खरवडून तें अक्षर उठावदार केलेलें आहे. बाकीच्या अक्षरांच्या कडा झिजून गोल झाल्या असतां या एकाच अक्षराच्या कडा धारदार आहेत, व लगतच्या जमिनींत हत्याराचे ओरखडे आहेत. मूळ अक्षर 'शि' होतें कीं 'सि', हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं. येथें हरताळ फासला गेला, तोही ज्या एका अक्षरावर सारा निर्णय अवलंबून होता त्याच अक्षरावर. हिला 'उत्तम' म्हणणें म्हणजे पाठ बदललेल्या पोथीस शुद्ध प्रत म्हणण्यासारखें आहे.

तांब्याच्या नाण्यांवरील हिरवटपणासंबंधीं येथें थोडा विस्तार केला पाहिजे, कारण सर्वाधिक हानि याच बाबतींत होते. जमिनींत पडून राहिलेल्या तांब्यावर जो कठीण, गुळगुळीत, हिरवा किंवा तपकिरी थर बसतो तो धातूचें रक्षण करतो. अक्षरांची बारीक कड पुष्कळदां त्या थरांतच शिल्लक असते. थर काढला कीं कडही जाते. याहून अगदीं निराळा प्रकार म्हणजे फिकट हिरवा, भुकटीसारखा, नखानें सहज सुटणारा जंगाल. क्षारयुक्त जमिनींतून तांब्यांत शिरलेले लवण दमट हवेंत पुन्हां पुन्हां जागे होतात व धातूला आंतून खात राहतात. हा चालू रोग आहे. असें नाणें इतरांपासून वेगळें करून पूर्ण कोरड्या जागीं ठेवावें आणि जाणत्या रसायनतज्ज्ञाच्या स्वाधीन करावें. चिंच, लिंबू, राख, रांगोळी यांपैकीं कशानेंही तो बरा होत नाहीं. उलट आम्लानें धातु उघडी पडते. मऊ प्लास्टिकच्या पीव्हीसी पिशव्याही वर्ज्य समजाव्या. कालांतरानें त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यानें नाण्यावर चिकट हिरवट लेप बसतो, आणि जपणूक म्हणून केलेली तजवीजच रोगाचें कारण होते.

तिसरा, राणीचा रुपया. हें यंत्रावर पाडलेलें नाणें आहे. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम, बारांत अकरा भाग रुपें. ठसा, चकती व दाब हीं तिन्ही ठराविक असल्यामुळें असे सर्व रुपये टांकसाळींतून जवळ जवळ सारख्याच स्थितींत बाहेर पडले. पुढें त्यांत जो फरक झाला तो मुख्यतः झिजेचा. म्हणून झिजेवर प्रत ठरविण्याची पद्धत येथें न्याय्य आहे. अमेरिकेंतील विल्यम शेल्डन यांनीं १९४९ मध्यें तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठीं १ पासून ७० पर्यंत अंकांची श्रेणी सुचविली. त्या वेळीं तिच्यामागें किंमतीचें गणित होतें. ७० अंकांचें नाणें १ अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमतीचें, असें तें गणित. तें लवकरच कोलमडलें, परंतु अंक राहिले, आणि पुढें ते सर्व प्रकारच्या नाण्यांना लावण्यांत आले. १९८६ पासून नाणें पारखून, अंक देऊन, पारदर्शक डबींत बंद करणाऱ्या संस्थांनीं त्यांचा सर्वत्र प्रसार केला. या संस्थांच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं घासलेल्या अथवा भोंक पाडलेल्या नाण्यास त्या सामान्यतः अंक देत नाहींत, झिजेचें वर्णन व दोषाचें नांव तेवढें लिहितात. म्हणजे झीज आणि बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हें त्यांनींही मान्य केलें आहे. आमच्याकडील व्यापाऱ्यांनीं मात्र अंक तेवढे उचलले आणि हा विवेक तिकडेच ठेवला.

प्रस्तुत रुपया आरशासारखा चमकतो. परंतु राणीचा गाल, मुकुटावरील रत्नें व कानावरील केंस हे सर्वांत उंच भाग सपाट झालेले आहेत. टांकसाळीची मूळ झळाळी असती तर नाणें फिरवितांना ती चाकाच्या आऱ्यांप्रमाणें फिरली असती. येथें सर्व पृष्ठभाग एकदमच चकाकतो व एकदमच मावळतो. ही जिल्हईची चमक आहे. शिवाय डोक्याच्या वरच्या कडेस डाखाचा बारीक अवशेष दिसतो, आणि काट्यावर तो तोळ्यास थोडा कमी भरतो. रुपयाला नाकें लावून तो माळेंत ओंवलेला होता, व मागाहून नाकें काढून कड घांसलेली आहे. खानदेशांत रुपयांच्या माळा घालण्याची चाल सर्वांच्या पाहण्यांतली आहे. नाकें जागच्या जागीं असतें तर तें व्यवहाराच्या हातचें काम म्हणून आम्हीं मोजलें असतें; तें लपविण्याचा प्रयत्न हा चौथ्या हाताचा. या रुपयांसंबंधीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १८६२ हा सन घातलेले रुपये पुढें १८७४ पर्यंत पाडले जात होते. त्यांपैकीं कांहींवर अगदीं बारीक ठिपके आहेत, व त्यांच्या संख्येवरून पाडण्याचें खरें वर्ष अभ्यासक ठरवितात. जिल्हई करणाऱ्याच्या फडक्याखालीं सर्वांत आधीं जातात ते हे ठिपके.

या विवेचनावर दोन आक्षेप येण्यासारखे आहेत. पहिला असा कीं घेणाऱ्यास एक निश्चित अंक हवा असतो. चार हातांचें पुराण त्याला काय उपयोगाचें? किंमतीपुरता अंक लावावयास आमची हरकत नाहीं. परंतु अंक हा निकाल आहे, पुरावा नव्हे. पुरावा न लिहितां दिलेला निकाल पुढच्या पिढीस तपासतां येत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मातीनें भरलेलें नाणें साफ केल्याखेरीज वाचतांच येत नाहीं, मग सफाईस सरसकट दोष कसा द्यावा? याचें उत्तर असें कीं माती काढणें आणि पृष्ठभाग काढणें या दोन भिन्न क्रिया आहेत. शुद्ध, क्षाररहित पाण्यांत भिजवून सुटते ती माती. घासल्यावांचून सुटत नाहीं तो बहुधा नाण्याचाच भाग असतो. जमिनींतून आलेल्या रुप्याची आणखी एक खबरदारी घ्यावी. शतकानुशतकें पुरलेलें रुपें ठिसूळ होतें. अस्सल असूनही त्याचा नाद निघत नाहीं. नाद पाहण्यासाठीं दगडावर आपटल्यास त्याचे तुकडे होतात. त्याच कारणानें, नाद न निघणें एवढ्यावरून जुनें नाणें खोटें ठरवूं नये.

जमिनींत सांपडलेल्या निधीविषयीं तर कायदाही स्पष्ट आहे. १८७८ च्या निधिविषयक कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या निधीची वर्दी कलेक्टरास देणें बंधनकारक आहे. असें असतां पुष्कळदां वर्दीच्या आधीं नाणीं सोनाराच्या दुकानीं जातात, तेथें उजळलीं जातात, आणि चांगलीं व वाईट अशीं वेगळीं होऊन विकलीं जातात. कोणतें नाणें कोणाबरोबर सांपडलें, कोणावर कोणता थर होता, हें सारें त्या एका दिवसांत पुसलें जातें.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी आहे. प्रत्येक नाण्याच्या नोंदींत, अंक लिहावयाचा असल्यास तो लिहिण्यापूर्वीं, पांच गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्या : वजन व आकार, ठशाचा किती व कोणता भाग उमटला, व्यवहारांत झालेली झीज, टांचे, पुनर्मुद्रा, भूमीचा थर व त्याची स्थिति, आणि अलीकडचा हस्तक्षेप, म्हणजे घासणें, जिल्हई, कोरणें, डाख, भोंक. शेवटची जागा रिकामी राहिली तर तीच त्या नाण्याची मोठी प्रशस्ति समजावी. या रीतीनें पाहतां वरणगांवच्या तीन नाण्यांत बुऱ्हाणपुरी रुपया पहिला, राणीचा रुपया दुसरा व शिवराई तिसरी असा क्रम लागतो. राणीच्या रुपयाचा सन व मजकूर तरी अजून विश्वसनीय आहे. शिवराईचा पाठच गेला. मालकांनीं बुऱ्हाणपुरी रुपया आहे तसाच, काळ्या थरासह, कागदी पाकिटांत ठेवण्याचें मान्य केलें आहे. त्यावरील चार टांच्यांचीं ठिकाणें, उमटलेला मजकूर व जुलूस सन यांची नोंद आम्हीं त्यांच्याकडे लिहून दिली असून, कोणाही अभ्यासकास ती नाण्याशीं ताडून पाहतां येईल.